काळ्या दगडाच्या मुलखात कृष्णधवल रोल

छायाचित्रण मुळापासून शिकायचं असेल तर सुरुवात कृष्णधवल रोलपासून करावी आणि तो रोल आपल्याच घरात, आपल्याच हाताने धुवावा, असं नांदेड-लातूरकडच्या तरुणाला सांगितलं तर तो साहजिकच विचारतो, ‘आपल्याकडं कसं जमायचं हे?’ शंका रास्त आहे. रोल धुऊन देणारी लॅब जवळपास नाही, सामान दुकानात मिळत नाही, वैशाखात टाकीचं पाणी हाताला चटका देतं आणि लातुरात तर पाण्याची नासाडी म्हटली की माणसं दचकतात. या अडचणी खऱ्या आहेत. तरीही माझं म्हणणं असं आहे की जिल्ह्याच्या गावी राहून, कुणावर अवलंबून न राहता, बटण दाबण्यापासून फोटो हातात येईपर्यंतचं सगळं काम स्वतः करता येईल, असा फोटोग्राफीचा एकच प्रकार आज उरला आहे आणि तो हाच आहे. शिकणाऱ्यासाठी तो सगळ्यात चांगला का, हेही त्यातच दडलेलं आहे.

रंगीत रोलचं रसायन नाजूक असतं. त्याचा डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला, अंशाच्या छोट्याशा भागाचाही फरक न पडू देता वापरावा लागतो. तापमान किंवा वेळ जरा इकडेतिकडे झाली की रंग बिघडतात. म्हणूनच रंगीत फोटो यंत्रांच्या आणि मोठ्या शहरांतल्या लॅबच्या हाती गेला. कृष्णधवल रोल त्या मानाने फार सोशीक. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला त्यांची डेव्हलपर शुद्ध, काळी चांदी करतो आणि प्रकाश न पडलेले कण हायपो, म्हणजेच फिक्सर, विरघळवून टाकतो. एवढंच. डी-७६ हा जगभर सर्वाधिक वापरला गेलेला डेव्हलपर कोडॅकने १९२०च्या दशकात आणला आणि त्याची कृती कधीच गुपित राहिली नाही: लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स. जिल्ह्याच्या गावी सायन्स कॉलेजांना रसायनं पुरवणारा माणूस असतोच. त्याच्याकडून यातलं बरंचसं मिळू शकतं, आणि तयार पुडा हवा असेल तर तो कुरिअरने येतो.

शिवाय ही विद्या या भागाला परकी नाही. नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे भारतीय छायाचित्रणातलं पहिल्या रांगेतलं नाव. सहाव्या निजामाच्या पदरी राहून त्यांनी राजवाडे, शिकारी आणि समारंभ टिपले, तसंच संस्थानातल्या वास्तूंचं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद भागातल्या दुष्काळी कामांचंही चित्रण केलं. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जतन केल्या आहेत आणि आजही त्यांच्यावरून प्रिंट काढता येतात. त्या काळी ना शीतकरण होतं, ना नळाला वाहतं पाणी. तरीही दख्खनच्या उन्हात ही कामं झाली. पुढे तालुक्या-तालुक्याच्या स्टुडिओंत हीच कला पोटापाण्याचं साधन झाली. पासपोर्ट फोटो, लग्नाचे ग्रुप, शाळेचे वर्गफोटो हे सगळं मागच्या अंधाऱ्या खोलीत धुतलं जाई. टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर रिटचिंग होई. रोल बऱ्याचदा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ असे. रंगीत फोटो आला तसे रोल मोठ्या शहरांच्या लॅबकडे जाऊ लागले, स्टुडिओवाल्याकडे फक्त कॅमेरा आणि काउंटर उरला, आणि कारागिरी गावातून निघून गेली. आपण जे परत आणू पाहतोय ते परदेशी फॅड नाही, हे एवढ्यासाठी सांगायचं.

पण मोबाइलमध्ये एका बोटावर कृष्णधवल फोटो निघतो, मग हा खटाटोप कशाला? हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. मोबाइलचा फोटो वाईट असतो, हे त्याचं उत्तर नव्हे; तो पुष्कळदा उत्तमच असतो. अडचण ही की तो निर्णय स्वतःच घेऊन टाकतो आणि शिकणाऱ्याला ते कळतही नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरासमोर उभं राहा. काळ्या पाषाणात कोरलेल्या मूर्ती, निम्म्या उन्हात, निम्म्या सावलीत. कुठल्याही कॅमेऱ्यातलं लाइटमीटर समोर मध्यम करडा रंग आहे असं गृहीत धरून चालतं. काळा दगड दिसला की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि ते जास्त प्रकाश घ्यायला सांगतं. दगड राखाडी होतो. तेच मीटर नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र वास्तूकडे फिरवा (महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात ती बांधवून घेतली, आवारात फोटो काढायचे तर डोकं झाकून आणि तिथले नियम विचारूनच काढावेत), की ते उलट चूक करतं आणि पांढऱ्याचं मळकट करून टाकतं. रोलवर काम करताना मीटरचं ऐकायचं की नाही, किती ऐकायचं, हे बटण दाबण्याआधी आपल्याला ठरवावं लागतं. काळ्या दगडासाठी मीटरपेक्षा अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी, पांढऱ्यासाठी एक-दीड स्टॉप जास्त, अशी सुरुवात करून निकाल पाहावा. होट्टल आणि गुरुद्वारा एकाच रोलवर टिपले तर मीटर म्हणजे काय हे जितकं समजेल तितकं पुस्तकातून समजणार नाही.

लातूरची गंजगोलाई तर प्रकाश शिकण्यासाठीच बांधली असावी इतकी सोयीची आहे. मधोमध गोलाकार दुमजली वास्तू आणि तिच्याभोवतून सोळा रस्ते सोळा दिशांना फुटलेले. दिवसाच्या कुठल्याही वेळी एका रस्त्यावर समोरून ऊन असतं, एकावर पाठीमागून, एकावर बाजूने, आणि कुठेतरी पूर्ण सावली. एकदा गोलाईला फेरी मारली की प्रकाशाच्या सगळ्या तऱ्हा भेटतात. इथे मीटरसुद्धा लागत नाही. भर उन्हात एफ/१६, आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, म्हणजे ४०० आयएसओच्या फिल्मला १/५००. हा जुना नियम आपल्याकडच्या स्वच्छ उन्हाला चोख लागू पडतो. मोकळ्या सावलीत तीन स्टॉप उघडावं, ढगाळ दिवसाला दोन-तीन. आठवडाभर कॅमेरा न घेताही नुसते अंदाज करत हिंडलं तरी डोळा तयार होऊ लागतो.

रंग वजा झाल्यावर काय उरतं, हेही इथल्याच एका उदाहरणावरून सांगतो. कंधार भागाची लालकंधारी गाय गडद तांबडी. ती हिरव्या ज्वारीत उभी राहिली की डोळ्याला किती उठून दिसते! कृष्णधवल रोलवर तो तांबडा आणि तो हिरवा जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात आणि गाय पिकात हरवून जाते. लातूर जिल्ह्यातली देवणी मात्र पांढऱ्या अंगावर काळे ठिपके घेऊनच येते. तिला रंगाची गरजच नाही. लालकंधारीला पिकातून सोडवायचं तर लेन्सवर हिरवा फिल्टर लावा: पीक उजळतं, गाय गडद होते. लाल फिल्टर लावला तर नेमकं उलट. म्हणजे करड्या छटा निवडायच्या आपण, आणि त्याही आधीच. मोबाइलमध्ये हेच नंतर सरकपट्टी ओढून होतं, मान्य. पण नंतर करता येईल या भरवशावर समोरचं नीट पाहायचंच राहून जातं, आणि नवशिक्याचं खरं नुकसान तिथे होतं.

याहून मोठा फायदा निगेटिव्ह वाचण्यात आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वाळलेली निगेटिव्ह खिडकीपाशी धरून पाहा. चित्रातली सावली तिच्यात जवळपास पारदर्शक दिसते आणि ऊन काळं. सावलीच्या जागी काहीच नाही, कोरी काच, असं असेल तर फोटो घेताना प्रकाश कमी पडला. तो डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवून परत येत नाही. उन्हाच्या जागा डांबरासारख्या दाट झाल्या असतील तर रोल जास्त वेळ धुतला गेला. तरीही संशय राहिला तर कडेला पाहावं. तिथले आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच उमटवलेलं असतं. त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी संबंध नाही. आकडे ठसठशीत पण चित्रं फिकी, तर चूक कॅमेऱ्यापाशी झाली. आकडेही फिके, तर ती रोल धुण्याच्या टाकीत झाली. चूक नेमकी कुठे झाली याचा एवढा स्पष्ट पुरावा देणारं शिकण्याचं दुसरं साधन मला माहीत नाही.

आता उन्हाळ्याकडे वळू. डब्यांवरच्या तक्त्यांत ठळकपणे दिसतं ते २० अंशांचं तापमान थंड देशांत सोयीचं आहे; नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३पर्यंत जातो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याच वाटेने जातं. गरम पाण्यात दोन गोष्टी होतात. डेव्हलपर फार वेगाने काम करतो, आणि जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, त्यावर ओरखडे उठतात. दुसरीचा उपाय म्हणजे सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला ठेवणं. गरमातून एकदम गारात गेला की थरावर जाळी पडते. पहिलीचा उपाय गणितात आहे. तापमान अंशाने वाढलं की वेळ साधारण दहा टक्के कमी करायचा: २० अंशांवर दहा मिनिटं लागत असतील तर २४ अंशांवर सातच्या आसपास. मात्र वेळ पाच मिनिटांखाली गेला तर रोल एकसारखा धुतला जात नाही, डाग पडतात. म्हणून डी-७६ समान पाण्यात मिसळून पातळ वापरावा, म्हणजे वेळ पुन्हा वाढतो. आणि पाणी गार करायला आपल्याकडे माठ आहे. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असल्याने माठाचं पाणी चांगलंच उतरतं; कोकणातल्या दमट हवेत तेवढं उतरत नाही. थर्मामीटर घालून पाहावं, लागलंच तर फ्रीजमधल्या बाटलीची भर घालावी, आणि द्रावणांच्या बाटल्या त्या पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवाव्यात. नवशिक्याने तर थेट डिसेंबर-जानेवारी गाठावा. रात्री भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी तेव्हा सकाळी विशीच्या आसपास सापडतं, आणि माळेगावची खंडोबाची यात्राही त्याच सुमारास भरते. घोडे, उंट, गाढवं, घोंगड्या पांघरलेली माणसं आणि हिवाळ्याचं तिरकं ऊन: पहिल्या रोलला याहून चांगला विषय शोधायला नको.

पाण्याचा प्रश्न मात्र नैतिक आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या शहराने हे पाहिलं तिथे हौसेसाठी नळ सोडून ठेवा, असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नये. पण रोल वाहत्या पाण्यात धुवावा लागतो ही समजूतच चुकीची आहे. हायपो थरातून बाहेर पडतो तो पाण्याच्या जोराने नाही, बदललेल्या पाण्यामुळे. इल्फर्ड कंपनीने सुचवलेली रीत अशी: फिक्सर ओतून टाकल्यावर टाकी त्याच तापमानाच्या पाण्याने भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. ३५ मिलिमीटरच्या एका रोलच्या टाकीत साधारण ३०० मिलिलिटर मावतं, म्हणजे धुण्याला लिटरभरही लागत नाही. बाकीची द्रावणं धरून सगळा रोल दोन-अडीच लिटरमध्ये होतो. नळाखाली दहा मिनिटं धरला तर तीस-चाळीस लिटर सहज जातील. अट एकच, फिक्सर हार्डनर नसलेला हवा. शेवटच्या बुडीला बोअरचं जड पाणी वापरू नये, क्षारांचे पांढरे ठिपके वाळून बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं. एक बाटली दोन-तीन रोलना पुरते.

वापरलेल्या हायपोचंही तसंच. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतणं गुन्ह्याइतकं वाईट. एक कॅन भरेपर्यंत साठवावा. एक्स-रेच्या वापरलेल्या हायपोतून चांदी काढणारे व्यावसायिक असतात, त्यांना तो द्यावा. ते सापडेपर्यंत लोखंडी काथ्या टाकून ठेवला तर चांदी त्यावर उतरते. हायपो लगेच फेकायचाही नसतो. रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात टाकावा, तो स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा, आणि हा वेळ ताज्या हायपोपेक्षा दुप्पट झाला की मगच नवा करावा.

डार्करूम हवीच, हा आणखी एक गैरसमज. सिनेमातली लाल दिव्याची खोली प्रिंट काढण्यासाठी असते. आजची फिल्म लाल रंगही पाहते, त्यामुळे तिच्यासाठी तो दिवा लावला तर सगळा रोल जातो. फिल्मला अंधार लागतो तो फक्त ती चक्रीवर चढवून टाकीचं झाकण लावेपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं: रात्री खिडकी बंद केलेली न्हाणी किंवा चेंजिंग बॅग पुरे. एक जुना वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून, चढवायचा सराव करावा. नवशिक्यांचे रोल सर्वांत जास्त इथेच वाया जातात. पुढचं सगळं दिव्याखाली. वाळत घालताना न्हाणीत आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी, रोलच्या खालच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावावा. आपल्याकडची धूळ ओल्या थराला एकदा चिकटली की निघत नाही.

कॅमेऱ्यावर फार शब्द खर्च करत नाही. घराघरांत, बंद पडलेल्या स्टुडिओंत याशिका, पेंटॅक्स, निकॉन पडून आहेत. शटर सगळ्या वेगांना चालतं का, लेन्समध्ये बुरशी आहे का, मागच्या झाकणाचा फोम गळलाय का, एवढं पाहावं. कोरड्या हवेमुळे आपल्या भागातल्या लेन्स बुरशीपासून बऱ्याच वाचलेल्या असतात. मीटर बंद असलं तर बिघडत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. ३६ फोटोंचा रोल आज हजार रुपयांच्या आसपास जातो, म्हणजे एका फोटोला अठ्ठावीस रुपये. कॉलेजच्या पोराला हे परवडत नाही, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. चारपाच जणांनी मिळून शंभर फुटांचं रीळ घेतलं तर त्यातून अठराएक रोल भरता येतात आणि दर उतरतो. टाकी आणि थर्मामीटर एकच पुरतं. निगेटिव्ह पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून मोबाइलने टिपली की स्कॅनरचाही खर्च वाचतो. महिन्याला एकच रोल टाकणारा माणूस वर्षात ४३२ फोटो काढतो. प्रत्येक फोटो विचार करून काढलेला असेल तर शिकायला तेवढे पुरेत.

राहता राहिला हा आक्षेप, की हे सगळं जुन्याचं वेड आहे. १९७२चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, दोन्ही घटना फिल्मवरच टिपल्या गेल्या. भूकंपात पडलेली गावं नंतर दुसरीकडे वसवली गेली. जुन्या वाड्यांची, वेशींची, जत्रांची जी रूपं आज दिसतात ती कुणाच्या तरी कपाटातल्या निगेटिव्हमुळे. नीट फिक्स केलेली आणि नीट धुतलेली चांदीची निगेटिव्ह, कोरड्या आणि त्यातल्या त्यात थंड जागी ठेवली तर, अनेक दशकं टिकते, आणि ती पाहायला कुठलं यंत्र लागत नाही, नुसता उजेड लागतो. मोबाइलमधले हजारो फोटो फोन बदलताना, पासवर्ड विसरताना जातात, हे घरोघरी घडतंय. म्हणून जो कुणी या हिवाळ्यात पहिला रोल धुवेल त्याला दोन विनंत्या आहेत. रोल वाळला त्याच दिवशी पाकिटावर गाव, तारीख आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहून ठेवा. आणि आपल्या गावातला जुना स्टुडिओ बंद होत असेल, तर तिथल्या निगेटिव्हचे डबे रद्दीत जाण्याआधी मालकाला जाऊन भेटा.